बिनलसणाचं ताट

"त्या बाईला करून घालता ना, तस्साच करायचा. तसूभर फरक चालायचा न्हाई."

नूतननं भोरच्या बाजारातून आणलेला पास्त्याचा पुडा चीजच्या वडीसकट ओट्यावर आदळला आणि पाट ओढून ती तिथंच ठाण मांडून बसली. सासूबाई पोरांना घेऊन सारोळ्याला लेकीकडं गेल्या होत्या. संध्याकाळचं घरात दोघंच. गोरखनं एकदा बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो पातेलं शोधायला लागला.

"मांडणीवर हाय. जल्मभर हितंच जेवताय, पन पातेलं कुठं असतं ते तुमाला काय म्हाईत!"

गोरख धरणाकाठच्या एका बंगल्याची राखण करायचा. मालकीण शेफाली मॅडम, पुण्याच्या. दर शनिवारी यायच्या, एकट्याच. आज सकाळी त्यांचा फोन आला, आणि गोरखच्या मोबाईलचा आवाज असा की बोलणं निम्म्या उत्रोली गावाला ऐकू जावं. "गोरख, तुमच्या हातचा पास्ता म्हणजे पास्ता! आठवडाभर वाट बघते मी." झालं! नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून घरात चहाचं आधण म्हणून ठेवलं नव्हतं, त्याच्या स्वयंपाकाची कुणीतरी आठवडाभर वाट बघत होतं.

पाण्याला उकळी आली. गोरखनं पुड्यात हात घातला.

"कितीजनांचा करता तिथं?"

"दोघांपुरता."

"कायम दोघांपुरता?"

"कायम."

बाई येणार एकटी आणि पास्ता व्हायचा दोघांचा. दुसरं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नूतन बघत राहिली. पास्ता शिजला का ते पाहायला त्यानं एक नळी उचलली, फुंकर घातली, दोन बोटांत दाबली आणि बाजूला ठेवली. पाणी निथळलं. लसणाच्या पाकळ्या सोलून बारीक चिरल्या, अगदी एकसारख्या. तिला ते हात विळा धरताना ठाऊक होते, फावडं मारताना ठाऊक होते. एवढा हळुवारपणा होता ह्या हातांत, तर तो ह्या घरात इतकी वर्षं कुठं दडून बसला होता? हेवा वाटला तिला. कढईचा वाटला, त्या बंगल्याचा वाटला, सगळ्या शनिवारांचा वाटला.

कढईत लोणी टाकण्याआधी गोरखनं निम्मा पास्ता एका ताटात वेगळा काढला.

"थांबा. ह्यो का काढला?"

"ह्यात लसूण न्हाई घालायचा. दुसरं ताट बिनलसणाचंच असतं."

आता बोला! लसणाच्या चटणीशिवाय ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, तो बंगल्यावर बिनलसणाचं जेवत होता. माणूस लसूण कधी सोडतो? तोंडाला वास येऊ नये म्हणून सोडतो. आणि तो वास कुणाला येऊ नये? नूतनचे कान तापले.

लोण्यात लसूण तडतडला. दूध पडलं, चीज विरघळलं, मिरपूड पडली, आणि घरभर असा काही वास सुटला की नूतनच्या तोंडाला रागातसुद्धा पाणी सुटलं. तिला स्वतःचाच राग आला.

गोरखनं तिचं ताट वाढलं. ताटाची कड फडक्यानं पुसली. दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवलं. मग ते दुसरं ताट उचललं आणि सरळ दाराकडं निघाला. उंबऱ्यापाशी जाऊन थबकला.

"तिकडं कुठं निघालात? आपलं ताट घ्या आन बसा."

"हे माझं नसतं."

"मग कुनाचं असतं?"

गोरख ताटाकडं बघत म्हणाला, "ब्रूनोचं."

"आता ह्यो ब्रूनो कोन?"

"मॅडमचं कुत्रं. त्याला लसूण बाधतो."

नूतनला आधी हसूच आलं. हायसं वाटलं, अगदी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. मग गोरखच्या हातातलं ताट पुन्हा दिसलं आणि हसू जागच्या जागी राहिलं.

"आन तुमी काय खाता?"

"तू बांधून देतीस ती भाकरी. मागं पंपाच्या खोलीत बसून."

"तुमाला देत न्हाई व्हय ती बाई?"

"मागितला तर दील की. म्या कधी मागितला न्हाई. तिनं बी कधी इचारलं न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं कधी?"

"काय सांगू? कुत्र्याचा सैपाक करतो म्हनून?"

नूतन उठली. हेवा अजून गेला नव्हता. फक्त आता तो कुत्र्याचा वाटत होता, आणि एका कुत्र्याचा हेवा वाटावा ह्या गोष्टीनं तिचं अंग अंग पेटलं होतं. तिनं गोरखच्या हातातलं ताट ओढून घेतलं, सगळा पास्ता कढईत ओतला, लसणाचा अख्खा गड्डा बत्त्याखाली चेचून त्यात लोटला आणि वर लोण्याचा गोळा टाकला. चांगलं खरपूस होईस्तोवर परतलं. मग तेच ताट घासूनपुसून काढलं आणि काठोकाठ वाढलं.

"बसा."

गोरख बसला. पहिला घास त्यानं तोंडात घातला. मान खाली घालून बराच वेळ चावत राहिला.

"असा लागतो व्हय," तो म्हणाला.