घरातले दोन कान

आवाज फ्रिजचा नव्हता. फ्रिज बंद करून, त्याच्या दाराला कान लावून तिने खात्री करून घेतली. स्वयंपाकघरातल्या पंख्याचाही नव्हता, पाण्याच्या पंपाचाही नव्हता. तरी सकाळपासून ते घूंऽऽ चालूच होतं. बारीक, एकसुरी, डबीत भुंगा कोंडल्यासारखं.

तिने कानांत बोटं घातली. आवाज कमी झाला, की नुसतं तसं वाटलं, काही सांगता येईना.

नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी घूंऽऽ, मग बेल ऐकू येईनाशी झाली, मग माणसं. आता तो सगळं समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचा. बेल, फोन, उघडा राहिलेला नळ, सगळी खाती तिच्याकडे. दोघांच्या घरात चालते कान दोनच, आणि तेही तिचे. तेच गेले तर बेल वाजवणारा दारातच म्हातारा व्हायचा. एरवी असं काही सुचलं की ती स्वतःशीच हसायची. आज तिला नुसती भीती वाटत होती.

ती मागच्या खोलीत आली. नवरा पलंगावर पाय सोडून वर्तमानपत्र वाचत होता. सकाळपासून तेच पान.

त्याच्यासमोर उभं राहून ती सावकाश म्हणाली, "अहो, कसला तरी आवाज येतोय."

"मला सांगतेस? धन्य आहे तुझी!" कान गेल्यापासून तो साधं बोलायचा तेही ओरडून. "पंप बघ जा. या खोलीत काही नाही."

आता एकच गोष्ट उरली होती. सगळ्या घराची वीज घालवायची. आवाज थांबला तर तो घरातला, नाही थांबला तर तिच्या डोक्यातला. ती दाराजवळच्या मेन स्विचवर हात ठेवून बराच वेळ नुसती उभी राहिली. मग डोळे मिटून तिने तो खट्कन खाली ओढला.

घूंऽऽ थांबलं. शेजारी कोणीतरी भांडी लावत होतं, तेही ऐकू यायला लागलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला रडू आलं.

तेवढ्यात नवरा तरातरा बाहेर आला. "वीज का घालवलीस? सेटचा दिवा विझला ना! सकाळपासून चालू ठेवला होता, सगळं मुसळ केरात!"

आणि मग त्याने जीभ चावली.

"कसला सेट?" तिने डोळे पुसत विचारलं.

पलंगाखाली, ट्रंकेच्या आड, तिचा रेडिओ होता. त्याने जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, गल्लीतल्या एकूण एक घरचे. बायकोचा मात्र 'उद्या बघतो'वर राहून गेला होता. त्याचे कान गेल्यावर तिने विचारणंच सोडलं. दुरुस्त केलेला सेट दिवसभर चालू ठेवायचा, तग धरला तरच गिऱ्हाइकाला द्यायचा, ही त्याच्या दुकानाची पद्धत. ती त्याने बायकोलाही लावली होती. आवाजाचं बटण अगदी खाली केलं की खोलीबाहेर काही जाणार नाही, असा त्याचा हिशोब. लपवणारा बहिरा असला की हिशोब असेच चुकतात.

तिने मेन स्विच वर केला. त्याने सेट ओढून पलंगावर ठेवला, तो तापून सुरू व्हायची वाट पाहिली आणि स्पीकरच्या कापडावर आपला तळवा टेकवला. मग तिचाही हात धरून शेजारी ठेवला. कापड थरथरत होतं.

"बघ! आवाज अजून वाढवलाच नाही मी!" त्याचा चेहरा फुलला होता. "सांग, कुठलं गाणं लागलंय?"

घूंऽऽ. दुसरं काहीच नाही.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. कुठल्याही गाण्याचं नाव घेतलं असतं तरी त्याने मानलं असतं. तिने दोन्ही बाजूंना मान हलवली. "गाणं नाही हो. नुसती घरघर आहे. मला वाटलं, माझेही कान चालले."

त्याचा हात सेटवरून खाली आला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोलला होतात?"

त्याने प्लग काढला, सेटचं मागचं झाकण उघडलं आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. "कपॅसिटर गेलाय, दुसरं काय!" तो म्हणाला. बिघाड सापडला की त्याला नेहमीच बरं वाटायचं. "तू इथे बस. घरघर थांबली का, तेवढं सांग."

ती बसली. त्याने जुना कपॅसिटर काढून नवा बसवला, प्लग लावला आणि तळवा पुन्हा कापडावर ठेवला.

सेट तापला. दिवा लागला. कापड हललं नाही. त्याने तळवा जरा दाबून पाहिला, जरा सरकवून पाहिला.

"गेला," तो म्हणाला. या वेळी अगदी हळू.

आवाजाचं बटण खालीच होतं. आतून, पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखं, कोणीतरी गात होतं. तिने त्याचा हात ओढून घेतला, आपल्या मांडीवर उताणा ठेवला, आणि त्याच्या तळव्यावर दोन बोटांनी ठेका धरला.