झोपलेला भोवरा

मुलगी कुत्रा दत्तक घेण्याच्या अर्जाचे नववे कलम वाचत होती, तेव्हा कुत्र्याचा डावा कान हलला. दाराशी उभ्या असलेल्या बाईखेरीज ते कुणाच्या लक्षात आले नाही.

त्या निवाऱ्यात कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या या बाईला सगळे मावशी म्हणत. आज सकाळी आठ ते दहा तिने या कुत्र्याला मागच्या कालव्याच्या काठाने पळवले होते, आणि त्याच्याबरोबर ती स्वतःही पळाली होती. दमलेला कुत्रा शहाणा दिसतो. ते शहाणपण फार तर तासभर टिकते, हेही तिला ठाऊक होते. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच मिनिटे कमी होती.

"एवढं काय वाचायचं त्यात?" खुर्चीत बसलेले मुलीचे वडील म्हणाले. कुत्रा त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला होता.

"न वाचता सही करणारेच मग आमच्या वकीलसाहेबांपुढे येऊन रडतात, बाबा." मुलीने पान उलटले. "कलम दहा."

"वाचू द्या, वाचू द्या," व्यवस्थापक म्हणाला. "कुत्रा कसला, गरीब गाय आहे."

कुत्र्याचे कार्ड व्यवस्थापकाच्या कोपराखाली पालथे होते. कार्डावर परतीचे दोन शिक्के होते. पहिल्या घरातून तो नवव्या दिवशी परत आला, दुसऱ्या घरातून चौथ्या. दोन्ही वेळा त्याला आधी मावशीनेच पळवून आणले होते. दुसऱ्या घराने परतीच्या कारणापुढे लिहिले होते : 'दाखवला एक, दिला दुसरा.' दोन शिक्क्यांच्या कुत्र्याला महिनाभराची मुदत असे, आणि ती आज संध्याकाळी संपत होती. त्यानंतर डॉक्टरांची खोली. तिथून गळपट्टा तेवढा परत येई.

"नाव भोवरा का?" मुलीने मान वर न करता विचारले.

"ठेवलं असेल कुणीतरी गमतीनं," व्यवस्थापक म्हणाला.

वडील खाली वाकून कुत्र्याकडे पाहत होते. "भोवरा भरात असला ना," ते सावकाश म्हणाले, "की असाच दिसतो. जागच्या जागी झोपल्यासारखा."

मावशीने पायातले चिखलाचे बूट एकमेकांवर घासले. तसलाच चिखल कुत्र्याच्या नखांत होता. तो धुवायला ती विसरली होती.

"आम्हाला शांतच हवाय," मुलगी सांगू लागली. "गेल्या वर्षी बाबा जिन्यावरून पडले. काठीशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. पण घरात यांचा पाय ठरेल तर शपथ. कुत्रा असला जवळ, तर बसतील चार घटका. हा ओढत नाही ना?"

"ओढतो?" व्यवस्थापक हसला. "त्यालाच ओढून न्यावं लागतं."

कुत्र्याची शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

मावशीची नजर काठीवर गेली. काठी टेबलाला टेकवलेली होती. मग ती वडिलांच्या मनगटाकडे पाहू लागली. ते तिच्या मनगटाहून बारीक होते. मुलीने शेवटचे कलम बोटाने ओळीओळीने वाचले, पेनाचे टोपण काढले आणि पेन कागदावर टेकवले.

"ताई, सही करू नका."

व्यवस्थापकाचे हसू तोंडावर तसेच राहिले. "मावशी, पिंजरे धुवायचे राहिलेत ना तुमचे?"

"धुतलेत." ती एक पाऊल पुढे आली. "तो शांत नाही. मी त्याला दोन तास पळवून आणलाय. आता उठेल. हे त्याला घेऊन निघाले तर पहिल्याच वळणावर तोंडावर पडतील. दोनदा परत आलाय तो. ते कार्ड सुलटं करा."

मुलीने पेनाला टोपण लावले. "चला, बाबा."

वडील उठले नाहीत. "दोन तास," ते म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हीही पळालात?"

"त्याला एकट्याला कसं पळवणार?"

"बाबा, ऐकलंत ना तुम्ही? आपण तुम्हाला घरी बसवायला कुत्रा नेतोय."

"ऐकलं की." त्यांनी बूट हळूच बाजूला घेतला. कुत्र्याचे डोळे उघडले. तो उठला, पुढचे पाय ताणले, अंग झाडले आणि दोन उड्यांत दाराशी गेला; तिथून परत, पुन्हा दाराशी. टेबलावरचे कागद उडाले. मावशीने डोळे मिटून घेतले.

"पस्तीस वर्षं रुळांवर गस्त घातली मी," वडील तिलाच सांगत होते, मुलीला नव्हे. "रोज सोळा मैल. आता घरात दिवाणखाना ते मोरी, मोरी ते दिवाणखाना. सूनबाई म्हणते, फरशी झिजेल." त्यांनी मुलीच्या हातातून पेन घेतले आणि एकही कलम न वाचता सही केली. मग उठून खुंटीवरचा पट्टा काढला, कुत्र्याच्या गळ्यात अडकवला, तो मनगटाला दोन वेढे देऊन धरला आणि विचारले, "कालवा कुठून सुरू होतो?"

"मागच्या फाटकातून," मावशी म्हणाली. "डावीकडे."

कुत्र्याने झेप घेतली. वडील एक पाऊल मागे रेलले, तोल सावरला, आणि दोघे बाहेर पडले.

"बाबा, काठी!" मुलगी दाराकडे धावली.

मावशीने काठी उचलली आणि मागोमाग निघाली. दाराच्या उजेडात तिने ती न्याहाळली. वर्षभर जवळ बाळगलेल्या त्या काठीच्या तळाचे रबर अगदी कोरे होते.