आठवं पान

आखातात, अदलियातल्या कंपनीच्या ऑफिसात, तिथला कारकून गुरुप्रसादने लिबियाच्या माहितीचे कागद आठ पाइपफिटरांच्या हातात दिले आणि मोठ्याने वाचायला घेतलं. आफ्रिकेतला सगळ्यात मोठा तेलसाठा. सत्तर लाखांच्या आसपास वस्ती. भूमध्य समुद्राचा लांबलचक किनारा, तोही रंगीत फोटोसकट, जणू माणसं कामाला नव्हे, सहलीला निघाली होती. शेवटी सहीचा फॉर्म होता. सही केली तर दोन वर्षं लिबिया. नाही केली तर व्हिसा कॅन्सल आणि चला घरी.

दापोलीचा ताहिर वाचन ऐकतच नव्हता. तो पानांचे नंबर बघत होता. फिटरच्या हातात ड्रॉइंग आलं की तो आधी शीट मोजतो. एखादं कमी असलं तर पाइपला हात लावत नाही.

“साहेब, सातनंतर एकदम नऊ आलाय. आठवा पान कुठं हाय?”

ते पान गुरुप्रसादनेच सकाळी काढलं होतं, वरून हुकूम आला म्हणून.

“ते इंजिनिअर लोकांसाठी आहे, ताहिरभाई. तिकडे गोळीबार वगैरे झाला तर त्यांना विमानाने बाहेर कसं काढायचं, त्याचं.”

“आनि आमाला?”

“तशी वेळच येणार नाही. इंशाल्ला.”

ताहिरचं डोकं सणकलं. “अल्लाचा नाव कंपनीच्या कामाला लावू नका. त्यांना विमान, नि आमाला इंशाल्ला?”

गुरुप्रसादचे कान लाल झाले. “सही करायची की नाही तेवढं सांगा. बाकीचे थांबलेत.”

रिकाम्या हाताने घरी जाणं ताहिरला परवडणारं नव्हतं. हे गुरुप्रसादला ठाऊक होतं, आणि त्याचाच ताहिरला जास्त संताप आला.

त्याने पेन घेतलं. फॉर्मवर संपूर्ण माहिती मिळाल्याची इंग्रजी ओळ होती, तिच्यावर आडवी रेघ मारली. कागद फाटायचा राहिला. खाली मराठीत लिहिलं, ‘आठवं पान आम्हाला दिलं नाही.’ मग सही केली.

“याची झेरॉक्स द्या.”

“मराठीत काय लिहिलंत हे? तिकडे कोण वाचणार?”

“तिकडं कोन नाय. माझी बायको वाचील, महमुदा. उद्या माझा काय बरावाईट झाला, तर तुमीच तिला फोन करून सांगाल, ‘त्याला सगला म्हाईत होता.’”