स्वतःच्या हातचं कोटिंग

नवरा गेल्यापासून वर्षभर शांती नगर सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असलेली गाडी गिरिजाने धुतली, पॉलिश केली आणि व्हिडिओ बघून बघून स्वतःच्या हाताने तिला रंगावर चकाकी आणणारं सिरॅमिक कोटिंग लावलं. दोन दिवसांत खांदे भरून आले, पण बोनेटमध्ये आपला चेहरा लख्ख दिसेपर्यंत ती थांबली नाही.

रविवारी धाकटा दीर नीरज आला. गाडीभोवती चक्कर मारून तो खूश होऊन म्हणाला, "वहिनी, मला द्यायची म्हणून एवढी मेहनत कशाला घेतलीत? तुमच्याकडे नुसती सडत होती. आणा चावी."

गिरिजाने मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवला आणि ती स्टिअरिंगवर जाऊन बसली.



"भाऊजी, जरा बाजूला व्हा. रिव्हर्स घेतेय."