दोन तिरप्या रेघा

रोहिदास अपघातात गेला आणि त्याचं काम फरीदाकडे आलं. एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं रंगरूप ठरवणारी त्याची फाइल तिनं उघडली. संस्थेला अक्षर लहान हवं होतं. नेमक्या अक्षराचा आकार ठरवणाऱ्या ओळीवर रोहिदासची टीप होती: ‘// याहून लहान नको. आईला दिसत नाही.’

दुसऱ्या दिवशी त्याची आई सामान न्यायला ऑफिसात आली. स्वेटर पिशवीत ठेवत तिनं विचारलं, “पोरी, तो इथं काय करायचा गं?”

फरीदानं तिला शेजारी बसवून ती टीप दाखवली. आईनं चष्मा पुसून एकेक शब्द वाचला.

“हे सगळ्यांना दिसतं?”

“नाही, मावशी. दोन तिरप्या रेघा दिल्या की टीप आमच्यापुरतीच राहते, साइट तयार होताना गळून जाते. मी खूण बदलते, म्हणजे ती साइटबरोबर बाहेरही जाईल.”

आईनं तिचा हात धरला. “नको, बाळा. जगाला सांगायचं असतं तर त्यानंच सांगितलं असतं. त्यानं तुम्हाला सांगितलंय. तुम्ही तेवढं ऐका.”

आई गेल्यावर फरीदानं संस्थेत फोन लावला. अक्षर लहान होणार नाही, एवढंच ती म्हणाली. कारण तिनं सांगितलं नाही.