किती देवांची

"किती देवांची वं तू, पोरी?" अंगणातल्या म्हातारीने विचारलं आणि कॅमेऱ्यासमोर वृषाली गप्प झाली. हा प्रश्न पटकथेत नव्हता; म्हातारी नटी नव्हती, त्याच घरातली होती. ती साकारत असलेली, आपलं मूळ शोधत गडचिरोलीत आलेली सिनेमातली गोंड मुलगी एवढंच म्हणणार होती, "मी इथलीच."

गोंडांत कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात. त्यावरून कोण भाऊबंद, कोण सोयरे, ते ठरतं. वृषाली खरोखरच गोंड होती. पण पुण्यात येऊन आडनाव बदललेल्या वडिलांनी घरात हा विषयच काढला नव्हता. पाण्याची लोटी हातात धरून म्हातारी कितीतरी वेळ उत्तराची वाट बघत राहिली.

"कट. काय अभिनय केलास गं," दिग्दर्शक म्हणाला.

गाव चाळीस किलोमीटर मागे पडल्यावर मोबाइलला रेंज आली.

"बाबा, आपण किती देवांचे?"

पलीकडे आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग वडील दबक्या आवाजात म्हणाले, "सहा."

तिने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "दादा, गाडी मागे फिरवा."

"कशाला मॅडम? तिथला शॉट तर ओके झालाय."