चौथ्या मजल्यावरचं हमिंग

"तुझ्याकडे नेला की गप्प, माझ्या घरी आणला की घुं. डबा माझ्यावरच रुसलाय का?" सुभाष खोपकरांनी विचारलं.

गीतांजलीने स्क्रू काढले आणि तोच डबा तिसऱ्यांदा उघडला.

डबा तसा साधाच होता. सीडी प्लेअरकडून येणारे आकडे घ्यायचे, त्यांचा आवाज करायचा आणि तो हेडफोनला पुरेल एवढा वाढवून द्यायचा, इतकंच त्याचं काम. खोपकरांच्या भाच्याने तो सिंगापूरहून आणला होता, तिथल्या मानाने अगदी स्वस्तातला. पण नेरूळच्या त्या सोसायटीत असं काही दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून खोपकर त्याला 'आमची सिस्टिम' म्हणत. मार्चमध्ये त्या सिस्टिमला हमिंग लागलं. गाणं कुठलंही लावा, मागे एक जाडसर घुं चालूच.

गीतांजली महापेच्या एका कारखान्यात असलीच यंत्रं तपासायची आणि रविवारी घरोघरी दुरुस्तीला जायची. या डब्याचे कपॅसिटर तिने बदलले होते, सोल्डर नव्याने मारलं होतं. आता काय बदलायचं उरलं होतं, तर गिऱ्हाईक.

"जरा भराभर हात चालव हं," खोपकर म्हणाले. "पाचला मीटिंग आहे. त्या जोतीरामचा निकाल लावायचाय."

जोतीराम सोसायटीचा वॉचमन. जिन्यातल्या दिव्यांचं बिल दोन महिने तिप्पट आलं होतं आणि त्याच्या केबिनमध्ये विजेची शेगडी सापडली होती. शोधली अर्थात खोपकरांनीच, कारण सेक्रेटरी तेच. आज त्याची नोकरी जाणार आणि केबिनही रिकामी करावी लागणार, हे ठरल्यातच जमा होतं. वर येताना गीतांजलीने पाहिलं, तर त्याची बायको शेवंताबाई भांडी पोत्यात भरत होती. ते बघून तिचा जीव कळवळला होता.

तिने डब्याची पिन भिंतीतून काढली आणि सोबत आणलेली बॅटरी जोडली. हेडफोन कानाला लावला. घुं तसंच.

गीतांजलीचा चेहरा उजळला. "काका, डबा ठणठणीत आहे! घरच्या लाइनवर नाही तरी घुं येतंय, म्हणजे खोट बाहेर आहे. भिंतीतून कुठली तरी जड लाइन जातेय, ती याला छळतेय."

"पंपाची असणार," खोपकर खात्रीने म्हणाले. त्यांना खात्री नाही अशी गोष्ट जगात फार थोडी होती.

"खाली जाऊन सोसायटीच्या लाइनींचा एकेक फ्यूज काढून बघू?"

तोवर मीटिंगची मंडळी यायला लागली होती. चारचौघांसमोर खोपकरांचा आवाज आपोआप चढायचा. "काय काढायचं ते काढ! सेक्रेटरीची परवानगी आहे!"

मग ते हॉलमध्ये मधल्या खुर्चीत बसले, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. एसीच्या गारव्यात मंडळी सरबत पीत त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या पत्नी अरुणाकाकू गॅलरीत उभ्या राहिल्या. खोपकर बोटाने खूण करणार आणि काकू ती खाली ओरडून सांगणार, असं ठरलं.

मीटर रूमचं कुलूप जोतीरामनेच उघडलं. गीतांजलीने पंपाचा फ्यूज काढला.

"आहे अजून!" वरून काकू ओरडल्या.

तिने तो परत लावून गेटच्या दिव्यांचा काढला.

"आहेच गं!"

आता जिन्याचा एकच राहिला होता.

"त्येला कशाला हात लावता, ताई?" जोतीराम म्हणाला. "दिवसा दिवं बंदच असत्यात."

गीतांजलीने फ्यूजवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. फ्यूज चांगलाच तापला होता.

"जोतीरामभाऊ, शेगडी चालू आहे का तुमची?"

"न्हाई, ताई! तिची कॉइल गेल्या साली जळली. भंगारात द्यायची म्हणून ठिवली हुती. दहा येळा सांगितलं, कुनी ऐकूनच घेत न्हाई."

गीतांजली हळू आवाजात म्हणाली, "हे बघा. मी हा काढला आणि वर हमिंग थांबलं, तर या लाइनवरून कोणीतरी वीज घेतंय हे सगळ्यांना कळणार. आणि घेणारा कोण, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. नको काढायला? सापडलं नाही म्हणून सांगते मी."

असं तिने आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. जोतीरामने केबिनकडे पाहिलं. पोत्याचं तोंड बांधून झालं होतं आणि शेवंताबाई त्यावरच बसली होती.

"काढा," तो म्हणाला. "मी घेतली न्हाई. मग मी कशाला भ्यायचं?"

गीतांजलीने फ्यूज ओढला.

चौथ्या मजल्यावरून खोपकरांचा आवाज आला. कानावर हेडफोन असलेला माणूस ओरडतो तसा, बिल्डिंग दणाणून सोडणारा. "गेलं! साफ गेलं! अरे काय वाजतंय, वा!"

"जमलं!" गीतांजलीने टाळी वाजवली. तीन रविवार खाल्लेली बोलणी एका झटक्यात वसूल झाली. मग तिची नजर जोतीरामवर गेली आणि टाळीचे हात तसेच राहिले.

तेवढ्यात अरुणाकाकू गॅलरीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गेलं गं, गीतांजली! हे नुसते नाचतायत! पण बाई, तो शेवटचा फ्यूज परत लाव बघू पटकन. घरात एवढी माणसं बसलीत, आणि आमचा एसीच बंद पडलाय!"